क्लिअर कोट पांढरा पडतो, सुरकुततो, सोलपटतो: सायकलच्या फ्रेमवरचा नेहमीचा त्रास आणि त्यावरचे उपाय

फ्रेम सुटी केली, घासली, प्रायमर आणि रंग नीट बसला. शेवटी स्प्रेच्या डब्यातला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारला आणि पंधरा मिनिटांत गडद निळ्या दांड्यावर दुधाळ झाक चढली. घासून पुन्हा मारला तर पुन्हा तेच. कुणाच्या फ्रेमवर रंगासकट सुरकुत्या येतात. कुणाचा कोट दिवाळीला चकाचक दिसतो आणि पुढच्या पोळ्यापर्यंत नखाने निघायला लागतो. संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत घरी सायकल रंगवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला यातलं काहीतरी येतंच, आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी डब्याला दोष देतो. डबा बदलतो, कंपनी बदलते, दोष मात्र तोच राहतो.

डबा खराब निघणं क्वचित घडतं. त्यावरच्या सूचना मात्र अशा हवेसाठी लिहिलेल्या असतात जी आपल्याकडे वर्षातले मोजकेच महिने असते. मे महिन्यात ४२ अंशांची कोरडी भट्टी, ऑगस्टमध्ये कपडे न वाळणारी दमट हवा, डिसेंबरच्या पहाटे परभणीकडची बोचरी थंडी. डबा एकच, आणि तिन्ही हवांत त्याचं वागणं तीन तऱ्हेचं. त्यात जुन्या फ्रेमवर आधी कुणी काय फासून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं.

म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एक गोष्ट नीट आठवा: दोष कधी दिसला? मारता मारता, पहिल्या पाव तासात, दुसरा कोट चढवल्यावर, की काही महिन्यांनी पावसाळ्यात? दिसण्यावरून फसगत होते, वेळेवरून सहसा होत नाही. नुसता "पांढरेपणा" घेतला तरी तो तीन वेगळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

पांढरं दिसतंय, पण कोणतं पांढरं?

कोट मारल्यावर पाच-दहा मिनिटांत, ओलसर असतानाच दुधाळ झाक आली आणि बोटाला पृष्ठभाग गुळगुळीत लागतोय, तर ती हवेतली ओल आहे. मारता मारताच पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत झाला आणि वाळल्यावर ओला फडका फिरवला की पांढरेपणा तेवढ्यापुरता नाहीसा होतो, तर स्प्रेचे थेंब हवेतच वाळून फ्रेमवर भुकटी होऊन बसलेत. आणि काही महिन्यांनी, बहुधा एखाद्या टवक्याच्या किंवा बोल्टाच्या कडेपासून पांढरा डाग पसरत चाललाय, तर कोट खालच्या थराला सोडतोय. आत हवा शिरली की ती जागा पांढरी दिसते. या तिसऱ्याला वरून कितीही क्लिअर मारा, उपयोग शून्य.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त छळतो, त्यामुळे त्याच्यावर जरा थांबू.

साध्या क्लिअर लॅकरच्या डब्यात रेझिन असतं, ते पातळ ठेवणारी ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावकं असतात आणि बाहेर ढकलणारा वायू असतो. फवारा फ्रेमवर बसला की द्रावक झपाट्याने उडतं आणि उडताना धातूची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने फ्रेमचा पृष्ठभाग काही अंशांनी गार होतो. तो दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या, खाली गेला की ती वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते आणि ओल्या थरात अडकते. हेच ते धुकं.

आकड्यांत बघा. ऑगस्टमधली सकाळ, तापमान २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या आसपास येतो. रंगकामाच्या धंद्यात नियम असा आहे की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश तरी गरम हवा. म्हणजे नोझल दाबण्याआधीच तुम्ही काठावर उभे आहात, आणि द्रावक उडायला लागलं की खाली गेलातच. याउलट मेमधल्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू १० अंशांच्या जवळ असतो. तिथे ओलीचा धोका जवळपास नाही, तिथले त्रास वेगळे.

दवबिंदू काढायला ढोबळ हिशोब पुरतो. आर्द्रतेचा आकडा १०० मधून वजा करा, उरलेल्याला ५ ने भागा, आलेलं उत्तर तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा हिशोब बऱ्यापैकी जमतो, आणि आपल्याला काळजी तेव्हाचीच असते. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्याच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला निघतो. फवारणी कधी करावी हे बघायला घरात कुणीतरी तो वाचतच असतं. फ्रेमची फवारणीही त्याच्यावर ठरवायला हरकत नाही. माझी स्वतःची मर्यादा ६५ टक्के आर्द्रतेची आहे. त्याच्या वर आकडा असेल तर डबा हलवायचाच नाही.

आता एक कोडं, जे आपल्याकडे वारंवार पडतं: भर उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना कोट दुधाळ कसा झाला? बहुतेक वेळा उत्तर खिडकीत असतं. कुलर चालू असतो. पाण्याचा कुलर खोलीत गार आणि ओली हवाच ढकलत असतो, आणि फ्रेम त्याच्या झोतात टांगलेली असते. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडायचा सल्लाही असाच आहे. मेमध्ये अंगणात चालून जातो, श्रावणात बंद खोलीत तो अंगाशी येतो. पाऊस पडून गेल्यावर "आता हवा स्वच्छ झाली" म्हणून लगेच मारायला बसणारेही याच रांगेत. हवा स्वच्छ झालेली असते हे खरं, पण ओलीही तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

दुधाळपणा आलाच तर लगेच घासू नका. फ्रेम कोरड्या, उबदार जागी हलवा आणि थांबा. हलकी झाक असेल तर पुष्कळदा दुपारच्या उबेत ती आपोआप निघून जाते. राहिलीच, तर कोरड्या हवेच्या दिवशी त्याच क्लिअरचा एक अगदी विरळ हात लांबून मारा. त्यातलं द्रावक वरचा थर पुन्हा मऊ करतं आणि अडकलेली ओल बाहेर पडायला वाट मिळते. स्प्रे गनने काम करणारे रंगारी यासाठी रिटार्डर थिनर वापरतात, म्हणजे सावकाश उडणारं थिनर. दोन-तीन कोटांच्या खाली ओल दबलेली असेल तर मात्र ८०० नंबरच्या वॉटर पेपरने तिथपर्यंत उतरावंच लागतं. हे सगळं साध्या, एका डब्यातल्या लॅकरसाठी आहे. टू-के क्लिअर, म्हणजे ज्यात घट्ट करणारं वेगळं रसायन (हार्डनर) मिसळावं लागतं तो, एकदा घट्ट झाला की वरून फवारलेल्या द्रावकाने विरघळत नाही, तिथे घासण्याशिवाय मार्ग नाही.

हेअर ड्रायर फिरवायचा मोह होतो. वास पूर्ण गेल्याशिवाय नको. ताज्या कोटातून निघणारी वाफ पेट घेते आणि ड्रायरच्या आत तापलेली तार असते.

उन्हाळ्यातला खरखरीतपणा

इथे गणित उलटं. चाळीस अंशांत, वारा सुटलेला असताना, डब्यातून निघालेला थेंब फ्रेमपर्यंत पोचेपर्यंत निम्मा वाळलेला असतो. तो सपाट पसरत नाही. जवळून मारला तर संत्र्याच्या सालीचा पोत येतो, लांबून मारला तर भुकटी. सायकलची नळी गोल आणि बारीक, त्यामुळे निम्म्याहून जास्त फवारा बाजूने निघून जातो आणि समोरच्या नळीवर वाळून बसतो. वरचा दांडा सुंदर जमला आणि तिरप्या दांड्याची आतली बाजू खरखरीत झाली, असं दिसलं तर कारण हेच.

उपाय दोन. पहिला वेळेचा: एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ, सावलीत, वारा नसताना. फ्रेमला हात लावला तर ती गरम लागता कामा नये. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर ठेवलेली फ्रेम सकाळी ठीक असते, दुपारी तिथे काही मारू नका. दुसरा क्रमाचा: आधी अवघड जागा, म्हणजे पेडलच्या एक्सलभोवतीचं बीबी, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची आतली बाजू, ब्रेकचा पूल, सगळ्या नळ्यांची खालची अंगं, आणि सगळ्यात शेवटी वरचा दांडा आणि डोळ्यांसमोर येणारी बाहेरची बाजू. उडालेली भुकटी मग अशा जागी पडते जिच्यावर अजून ओला हात यायचा आहे. अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, उन्हाळ्यात थोडं कमी. हात नळीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा.

भुकटी बसली असेल तर पूर्ण वाळू द्या, १००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासा आणि चांगल्या वेळी एक भरीव हात द्या. संत्र्याची साल असेल तर १५०० आणि मग २००० नंबरने घासून रबिंग कंपाउंड मारलं की निघते, पण त्यासाठी थर पुरेसा जाड हवा. नळ्यांच्या जोडांवर आणि कडांवर थर सगळ्यात पातळ असतो, पेपर तिथे जोरात फिरवला की रंगच उघडा पडतो. कडांवर आधी मास्किंग टेप लावून घ्या.

डब्याबद्दलही इथेच सांगतो. बहुतेक डब्यांवर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलं असतं. बंद गाडीत, पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवलेल्या टूलबॉक्समध्ये हा आकडा मेमध्ये सहज ओलांडला जातो. आतला दाब वाढतो, फवारा सुसाट आणि जाड येतो, आणि डबा फुटण्याचा धोका असतो तो वेगळाच. थंडीत उलटं होतं: दाब कमी पडतो, नोझल थुंकल्यासारखे मोठे थेंब टाकतं. डिसेंबरच्या सकाळी डबा हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पुसून कोरडा करा. गॅसवर, चुलीपाशी, उकळत्या पाण्यात कधीच नाही.

सुरकुत्या

हा दोष सगळ्यात जास्त रडवतो, कारण यात नुसता क्लिअर नाही, खालचा रंगही जातो. कोट मारल्यावर मिनिटाभरात रंग फुगतो आणि गोळा होतो. वेळ लक्षात घ्या: मारता मारता किंवा लगेच नंतर. म्हणजे द्रावक खालच्या थरात घुसलं.

गावाकडच्या जुन्या सायकलींवर बहुधा ऑइल पेंट असतो, हार्डवेअरच्या दुकानातला छोटा डबा आणून ब्रशने मारलेला. हा एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सावकाश घट्ट होतो. वरून हात कोरडा लागतो, आत तो बरेच दिवस कच्चाच असतो. त्याच्यावर लॅकरचं जहाल द्रावक पडलं की कच्चा भाग फुगतो, वरची साय ताणली जाते आणि सुरकुत्या पडतात. रविवारी ऑइल पेंट आणि मंगळवारी क्लिअर लॅकर, हा बिघाडाचा हमखास मार्ग आहे.

आधी काय मारलंय ते कळत नसेल तर बीबीच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, एनसी थिनरमध्ये (लॅकर पातळ करायच्या थिनरमध्ये) भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून कापसावर आला तर तो लॅकर. रंग फुगला, सुरकुतला तर एनॅमल. काही झालं नाही किंवा जेमतेम चकाकी उतरली तर कारखान्यातला पावडर कोट (भुकटी फवारून भट्टीत वितळवलेला रंग), स्टोव्हिंग केलेला म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला रंग किंवा टू-के. लॅकरवर लॅकर चालतं, फक्त पहिले दोन हात विरळ हवेत. पावडर कोटवर काहीही चालतं, पण घासूनच. एनॅमलवर लॅकर नको. एनॅमल ठेवायचाच असेल तर त्याच्याच जातीचा, एनॅमलचा क्लिअर घ्या.

स्प्रेच्या डब्यातलेही सगळे रंग सारखे नसतात. डब्यावर "दुसरा कोट १ तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" अशा धर्तीचं काही लिहिलेलं असेल, तर तो एनॅमल आहे असं समजा आणि ती वेळ अक्षरशः पाळा. मधल्या काळात वरची साय धरलेली असते आणि आतलं कच्चं असतं, म्हणजे सुरकुत्यांसाठी सगळी तयारी झालेली असते. आकडे डब्यागणिक बदलतात, समोरच्या डब्यावरचेच धरा. आणि थंडीत थोडं जास्तच थांबा. वाळल्याची खूण बोटाला नाही, नाकाला कळते: नळीला नाक लावून थिनरचा वास येत असेल तर आत अजून द्रावक आहे.

स्टिकरची गोष्टही याच्या जवळची. जुन्या सायकलींच्या प्रेमापोटी लोक फ्रेमवरची नावं छापून आणतात, लावतात आणि वरून क्लिअर मारतात. घरच्या इंकजेटवर छापलेली शाई द्रावकाने पसरते. व्हिनाइलचं स्टिकर चालतं, पण पहिले तीन-चार हात इतके विरळ हवेत की पृष्ठभाग ओला दिसताच कामा नये. प्रत्येक दोन हातांमध्ये दहा मिनिटं. मगच भरीव कोट. पहिल्याच हाताला चकाकी काढायला गेलात की स्टिकरच्या कडा आक्रसतात.

सुरकुत्या पडल्यावर त्यांच्यावरून काहीही मारून झाकता येत नाहीत. तेवढा भाग पूर्ण घट्ट होऊ द्या, मग धातूपर्यंत किंवा टणक थरापर्यंत घासून कडा उतरत्या करा, प्रायमर द्या, पुन्हा सुरुवात करा. अर्ध्याहून जास्त फ्रेम सुरकुतली असेल तर तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करण्यात श्रम घालू नका, सगळा रंग काढा. रंग काढायचं जेल स्टीलला चालतं, ॲल्युमिनियमला चालतं का ते डब्यावर बघा, कार्बनच्या फ्रेमला कधीच लावू नका; त्यातलं रसायन कार्बनला बांधून ठेवणाऱ्या रेझिनवरही हल्ला करतं.

महिन्यांनी सोलपटणं आणि फोड येणं

मोठ्या पापुद्र्याने कोट निघत असेल तर तो चकचकीत पृष्ठभागावर मारला गेलाय. पावडर कोटची मूळ चकाकी जशीच्या तशी ठेवून वरून क्लिअर मारला की त्याला धरायला काही नसतं. ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने किंवा राखाडी स्कॉच-ब्राइटने सगळी चकाकी उतरवा, कोपऱ्यांतलीसुद्धा. पेपर जिथे पोचला नाही नेमकं तिथूनच कोट सुटायला सुरुवात होते. अपवाद मेटॅलिक रंगाचा: तो घासू नका, ॲल्युमिनियमचे कण कापले जाऊन डाग पडतात. त्याच्यावर डब्यावर दिलेल्या वेळेत थेट क्लिअर चढवा.

बारीक फोड येत असतील, तेही पहिल्याच पावसाळ्यात आणि नळ्यांच्या खालच्या अंगाला, तर माझा पहिला संशय बोअरच्या पाण्यावर असतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते नळाच्या तोटीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. घासल्यावर फ्रेम त्याच पाण्याने धुतली, थेंब नळीच्या खाली लोंबकळत वाळले, आणि क्षार तिथेच राहिले. क्लिअरचा थर पाण्याची वाफ पूर्ण अडवत नाही. पावसाळ्यात ती आत शिरते, क्षार तिला ओढून धरतात आणि तिथे फोड येतो. हे टाळायला फार पैसे लागत नाहीत. शेवटचं धुणं इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणतो त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. एका फ्रेमला एक-दोन लिटर पुरतं. लगेच सुती फडक्याने पुसून घ्या, आणि फ्रेम उलटीसुलटी करून नळ्यांच्या भोकांतलं पाणी काढा, नाहीतर कोट मारताना तेच ओघळून येतं.

तेलकटपणा काढण्याबद्दल दोन शब्द. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडा. दोन्ही मागे तेलकट अंश ठेवतात आणि पेट्रोलची वाफ कुठेही पेट घेते. हातावर लावायचं जेल सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात. भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, वर सांगितल्याप्रमाणे खळखळून काढा आणि कोरड्या फ्रेमवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका फिरवा. नंतर उघड्या हाताने नळी धरू नका.

रंग न देता उघड्या स्टीलवरच क्लिअर मारायची सध्या आवड दिसते. दिसायला छान आहे, मान्य. पण गंजरोधक प्रायमर नसलेल्या स्टीलवर क्लिअर फार काळ टिकत नाही. एका टवक्यातून ओल शिरली की गंजाच्या बारीक रेषा कोटाखाली पसरत जातात आणि त्या वरून पुसता येत नाहीत. घरात टांगून ठेवायची सायकल असेल तर ठीक. पावसात चालवायची असेल तर मी तरी हे करायला सांगणार नाही.

उन्हात उभी राहणारी सायकल असेल तर डब्यावर यूव्ही संरक्षणाचा उल्लेख आहे का तेवढं बघा. नसेल तर आपल्या उन्हात कोट पिवळट आणि पिठूळ होतो.

छोटे दोष

ओघळ: एका जागी हात रेंगाळला किंवा कोट फार भरीव झाला. ओला असताना बोट लावू नका. आठवडाभराने ओघळाचा माथा छोट्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १००० नंबरच्या पेपरने उतरवा.

गोल खड्डे, म्हणजे फिश आय: सिलिकॉन किंवा तेल. चेनचा स्प्रे, टायर आणि डॅशबोर्डचं पॉलिश यांतलं सिलिकॉन हवेतून येऊनही बसतं, म्हणून तसले डबे त्या जागी उघडूच नका. पुन्हा भरीव हात मारून खड्डे भरत नाहीत. वाळवा, घासा, नीट पुसा, आणि सुरुवात विरळ हातांनी करा.

कचरा: ऑक्टोबरची हवा क्लिअर कोटला उत्तम, पण सोयाबीनची मळणीही तेव्हाच. मळणीयंत्र चालू असलेल्या दिशेने वारा असेल तर भुसकट कोटात बसणारच. पुढे कापसाचे तंतू. झाडाखाली फ्रेम टांगू नका, कडुलिंबाखाली तर नाहीच, वरून सतत काहीतरी गळत असतं.

टू-के डब्याबद्दल, आणि इथे गंमत नाही

साधं लॅकर पेट्रोलचा एक थेंब पडला तरी मऊ होऊ शकतं. टू-के क्लिअर खरंच टणक, चकचकीत आणि टिकाऊ असतो, त्यामुळे तो घ्यावासा वाटतो. डब्याच्या बुडाशी पिन किंवा बटण असतं. ते दाबलं की आतल्या छोट्या कुपीतला हार्डनर मिसळतो आणि घड्याळ सुरू होतं. बहुतेक डबे त्यानंतर एक-दोन दिवसांत आतल्या आत घट्ट होतात, उरलेला पुढच्या महिन्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून फ्रेमची सगळी तयारी झाल्याशिवाय पिन दाबू नका.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. श्वासातून गेलं तर दमा जडवू शकतं, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वासावरून त्याचा अंदाज येत नाही. गमछा, रुमाल किंवा कोविडच्या वेळचा एन-९५ याला अडवत नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज आणि धूलिकण गाळणारा फिल्टर दोन्ही असलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हे कमीत कमी. काम उघड्यावर, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, दम्याचा त्रास असलेलं कुणीही आसपास नको. एवढी तयारी होत नसेल तर टू-के घेऊ नका, साध्या लॅकरवर समाधान माना किंवा फ्रेम रंगाऱ्याकडे द्या. सायकलची चकाकी फुप्फुसांपेक्षा मोठी नाही.

साध्या डब्यालाही बाथरूम ही जागा नव्हे. धूळ नसते म्हणून लोक तिथे जातात, पण ती बंद असते आणि पुष्कळदा गॅस गीझर तिथेच असतो. डब्यातला वायू सहसा एलपीजीच्या जातीचा, हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत साचून राहणारा. देवघरातली समई, गॅसचा पायलट, फ्रीजचा स्विच यांपैकी काहीही त्याला पुरतं. ओसरी, गच्चीवरची सावली, तीन बाजूंनी जुनी चादर बांधलेला अंगणाचा कोपरा, हे बरं.

हवा जमली की असं करा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. फ्रेम थंड खोलीतून काढून लगेच मारू नका, तासभर त्या हवेत टांगून ठेवा. बीबीचे आटे, हेडसेटच्या जागा, सीटच्या नळीचं तोंड आणि डिस्क ब्रेक असेल तर त्याची बैठक टेपने झाका. आट्यांत वाळलेला क्लिअर नंतर फार मनस्ताप देतो. हेड ट्यूबमधून तार ओवून फ्रेम टांगा, म्हणजे हात न लावता फिरवता येते. डबा दोन मिनिटं हलवा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर.

दोन विरळ हात, मध्ये दहा मिनिटं. मग दोन किंवा तीन भरीव हात, प्रत्येक वेळी आधीचा पट्टा निम्मा झाकत. भरीव म्हणजे तिरप्या उजेडात पृष्ठभाग सलग ओला दिसला पाहिजे, त्याच्या पुढे एक फवाराही नाही. काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत नोझल दाबा. चार तास कुणी फ्रेमजवळ झाडू मारणार नाही एवढं घरात सांगून ठेवा.

जोडणीची घाई करू नका. साधं लॅकर दुसऱ्या दिवशी कोरडं लागतं, पण केबलची क्लिप किंवा सीटचा क्लॅम्प आवळला की त्याचा ठसा उमटतो. आठवडा द्या, थंडीत दहा दिवस. बीबीच्या खाली नख रुतत नाही आणि वास राहिलेला नाही, मगच पाने हातात घ्या.

हे सगळं करूनही एखादी फ्रेम ऐकत नाही. ती बहुधा वर्षानुवर्षांच्या ऑइल पेंटची, थरावर थर चढलेली असते. अशी फ्रेम पावडर कोटिंगवाल्याकडे द्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक भागांत दुचाकीच्या सुट्या भागांमुळे असं काम करणारे सापडतात, आणि एखादी सायकल घ्यायलाही बरेच जण तयार असतात. ब्लास्टिंग करून पूर्ण रंग काढायला सांगा. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळे फ्रेम देण्याआधी बीबी, हेडसेटचे कप, प्लास्टिकचे सगळे तुकडे आणि केबलचे गाइड काढून घ्या. गोंदाने जोडलेली किंवा कार्बनचा भाग असलेली फ्रेम त्या भट्टीत देऊ नका. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला स्वतः उभं राहून सांगा, कारण पावडरचा थर जाड असतो आणि तो आट्यांतून काढायला आटे पाडायचा टॅप पुन्हा फिरवावा लागतो.